मागे राहिलेले शॅमेलिऑन

अमेरिकेत सरपटणारे प्राणी विकणाऱ्या एखाद्या दुकानात जाऊन शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, मागितला, तर बहुतेक वेळा दोनच नावं पुढे येतात: येमेनचा व्हेल्ड आणि मादागास्करचा पँथर. फार तर तिसरा, तीन शिंगांचा जॅक्सन. जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या जवळपास निम्म्या एकट्या मादागास्करमध्ये सापडतात. मग बाकीच्या सगळ्या गेल्या कुठे?

नेहमीचं उत्तर असं, की त्या दिसायला फिक्या तरी असतात किंवा पाळायला अवघड तरी. यात थोडं तथ्य आहे, पण तेवढ्याने भागत नाही. मला तर वाटतं, कुठली जात लोकांच्या घरात पोचणार हे तिच्या रूपापेक्षा व्यापाराच्या हिशोबाने आणि अंड्यांच्या वेळापत्रकाने जास्त ठरलं. याचा चांगला पुरावा मादागास्करच्या चार जातींमध्ये मिळतो.

शॅमेलिऑनचा आंतरराष्ट्रीय व्यापार 'सायटीस' या कराराखाली येतो. बहुतेक शॅमेलिऑन १९७७ पासून या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे व्यापार चालतो पण परवान्यावर. १९९० च्या दशकाच्या मध्यात मादागास्करमधून होणारी शॅमेलिऑनची निर्यात फार वाढली आणि सायटीसने जवळजवळ सगळ्या जातींचा तिथला व्यापार थांबवायला सांगितला. अपवाद फक्त चार: पँथर, कार्पेट, औस्टालेट आणि वॉर्टी. या चारही जाती बेटावर भरपूर, माणसाच्या वस्तीजवळ, शेताच्या कडेला, रस्त्यालगतच्या झुडपांत सहज राहणाऱ्या. पुढची बरीच वर्षं दार चौघांसाठी सारखंच उघडं होतं. तरी नाव झालं ते एकट्या पँथरचं. बाकीचे तिघे स्वस्तात आले, स्वस्तात विकले गेले आणि बहुतेक लोक त्यांना विसरले.

पँथर रंगाने देखणा आहे, यात वाद नाही. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की त्याच्या त्वचेतल्या पेशींमध्ये ग्वानिन या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात. त्या स्फटिकांमधलं अंतर बदललं की परावर्तित होणारा प्रकाश बदलतो आणि हिरवा नर बघता बघता पिवळा-केशरी होतो. पण खरी गोम वेगळी आहे. पँथरचे नर गावागणिक बदलतात. अंबिलोबेचा नर लाल-निळ्या पट्ट्यांचा, अंबान्जाचा निळसर-हिरवा, नोसी बे बेटावरचा निळा-हिरवा सलग रंगाचा. म्हणजे एकाच जातीत डझनभर वेगवेगळे 'माल'. पिल्लू जन्मतः करडं-तपकिरी असतं आणि खरा रंग यायला कित्येक महिने लागतात, म्हणून पैदास करणारा बापाचा फोटो दाखवतो आणि ग्राहक त्या फोटोवर पैसे मोजतो. जंगलातून पकडून आणलेल्या नराचं मूळ गाव नक्की सांगता येत नाही, घरी वाढवलेल्याचं सांगता येतं. त्यामुळे घरी पैदास करणाऱ्याला चांगला भाव मिळाला आणि पैदास टिकली.

औस्टालेट आणि वॉर्टीच्या बाबतीत नेमकं उलटं झालं. औस्टालेट हा जगातल्या सर्वांत लांब शॅमेलिऑनपैकी एक, दोन फुटांच्या वर जाणारा, धिप्पाड आणि काटक. पण रंग मुख्यतः तपकिरी-करडा आणि गावागणिक भाव वाढेल असा फरक नाही. जंगलातून आलेला मोठा प्राणी दुकानात इतक्या कमी किमतीत मिळायचा, की अंड्यातून पिल्लू काढून, वर्षभर रातकिडे खाऊ घालून वाढवायचा खर्चही सुटणार नाही. कुणी पैदास केलीच नाही. एखाद्या प्राण्याला त्याच्या स्वस्तपणानेच मागे टाकावं, हे मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत वाईट वाटतं.

व्हेल्ड पुढे कसा गेला

कुठल्याही शॅमेलिऑनच्या काही अटी असतात आणि त्या कुणालाच चुकत नाहीत. वाटीतलं साचलेलं पाणी तो सहसा पीत नाही; पानावरून ओघळणारा, चमकणारा थेंब दिसला तर चाटतो. म्हणून पिंजऱ्यात पाण्याचा फवारा किंवा ठिबक लागतं. दिव्यातून अतिनील 'ब' किरण मिळाले नाहीत तर अंगात ड जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही, कॅल्शियम लागू पडत नाही आणि हाडं वाकतात. हवा खेळती लागते. हातात घेतलेलं त्याला आवडत नाही. समोरच्या पिंजऱ्यात दुसरा शॅमेलिऑन दिवसभर नुसता दिसत राहिला, तरी ताणाने तो खाणं सोडू शकतो.

व्हेल्ड या अटी मोडल्या तरी बराच काळ तग धरतो. येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागातल्या डोंगर-दऱ्यांमध्ये दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असतो आणि कोरडे महिनेही येतात, त्यामुळे ओढग्रस्तीची त्याला सवय आहे. किड्यांबरोबर तो झाडाची पानंही खातो, हे शॅमेलिऑनमध्ये वेगळंच. मादी एका वेळी सहज ३०-४० अंडी घालते, कधी त्याहून कितीतरी जास्त. पिल्लं अंड्यातून बाहेर येतात तीच धट्टीकट्टी आणि लगेच बारीक रातकिडे पकडू लागतात. आणखी एक बारीकशी गोष्ट, जिचा व्यापाराला फार उपयोग झाला: नर पिल्लाच्या मागच्या पायाच्या टाचेवर जन्मापासूनच एक छोटा काटा असतो. त्यामुळे पहिल्या दिवसापासून नर-मादी वेगळे सांगता येतात. बहुतेक इतर जातींमध्ये त्यासाठी काही महिने थांबावं लागतं आणि तेवढा वेळ थांबायला दुकानदार तयार नसतो.

याच काटकपणाची दुसरी बाजूही आहे. सुटलेल्या आणि सोडून दिलेल्या व्हेल्डनी फ्लोरिडात आणि हवाईत आपलं बस्तान बसवलं.

जॅक्सनची कथा हवाईशीच जोडलेली आहे. हा केनिया-टांझानियाच्या डोंगरातला प्राणी. १९७२ मध्ये हवाईत एका प्राणीविक्रेत्याकडे आलेल्या जॅक्सनपैकी काही बागेत सोडले गेले आणि ओलसर, थंड डोंगरउतारांवर ते इतके रुळले की मोठी वस्ती तयार झाली. पुढे केनियाने निर्यात बंद केली तरी अमेरिकेतल्या शौकिनांना हा प्राणी मिळत राहिला. म्हणजे तो लोकप्रिय राहिला तो बऱ्याच अंशी एका अपघातामुळे. त्याच्याच गोतावळ्यातल्या, तितक्याच देखण्या कित्येक डोंगरी जातींच्या वाट्याला असं बेट आलं नाही.

बदनाम झालेले दोघे

पश्चिम आफ्रिकेतले सेनेगल आणि ग्रेसफुल हे शॅमेलिऑन टोगो, घाना, बेनिन या देशांतून मोठ्या संख्येने आले. अमेरिकेतल्या अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा पाळलेला शॅमेलिऑन या दोघांपैकीच एक, कारण सगळ्यांत स्वस्त हेच. आणि अनेकांचा तो थोड्याच आठवड्यांत गेला. मग सल्ला पसरला: "सेनेगलच्या वाटेला जाऊ नका, जगत नाहीत."

दुकानापर्यंत पोचलेला असा एखादा प्राणी जवळून पाहिला तर कारण लक्षात येतं. शॅमेलिऑनचे डोळे एरवी गोल बुरुजासारखे पुढे आलेले असतात. इथे ते खोल गेलेले. बरगड्यांवरची कातडी सैल, चिमटीत धरली तर तशीच उभी राहणारी. विष्ठेबरोबर जो पांढरा भाग पडतो तो पांढरा नसून गडद केशरी. ही सगळी तहानेची लक्षणं. पकडल्यापासून गोदाम, विमान, घाऊक विक्रेता, दुकान या प्रवासात त्याला पानावरचा थेंब क्वचितच दिसलेला असतो. अशा प्राण्यावर हळूहळू ठिबक सोडलं, तर तो जीभ बाहेर काढून बराच वेळ, कधी तासभर, पीतच राहतो. त्यातच पोटात जंत. जंगलात धडधाकट असताना ते फार त्रास देत नाहीत, पण तहान आणि ताण यांनी शरीर खचलं की तेच जिवावर उठतात. वर शॅमेलिऑन आजार लपवतो. झाडावर दुबळा दिसला की पक्षी आणि साप त्याला आधी टिपतात, म्हणून शेवटच्या टप्प्यापर्यंत तो ठीकच दिसतो.

अशा स्थितीत कुठलीही जात मेली असती. पँथरही त्या काळात जंगलातून आलेले असताना मरतच होते. फरक एवढाच, की पँथरच्या पुढच्या पिढ्या पिंजऱ्यात जन्मल्या आणि जुनं नाव पुसलं गेलं. सेनेगलला दुसरी संधी मिळालीच नाही. दोष प्रवासाचा होता आणि शिक्का जातीवर बसला.

कार्पेट: जिची बाजू घ्यावीशी वाटते

मादागास्करच्या त्या चौघांपैकी कार्पेट ही माझी लाडकी जात. नाकापासून शेपटीपर्यंत जेमतेम वीतभर, फार तर थोडी जास्त. मादागास्करच्या मध्यवर्ती पठारावर, राजधानी अंतानानारिव्होच्या बागांमध्येसुद्धा ती दिसते. शॅमेलिऑनच्या जगात नर रंगीत आणि मादी साधी असा साधारण नेम आहे; इथे तो उलटा. नर बहुधा हिरवा, कुशीवरून एक फिकट रेघ गेलेला. मादीच्या अंगावर मात्र गोल नक्षी, गळ्यावर बारीक पट्टे, पांढरा, केशरी, विटकरी, काळा असे रंग एकमेकांत विणलेले. पोटात अंडी असली आणि नर जवळ आला तर ती आणखी गडद होते, तोंड वासते, अंग डोलवते. 'लांब राहा' हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा प्राणी क्वचितच असेल.

लहान आकाराला लहान पिंजरा पुरतो, खाणं बेताचं लागतं आणि पठारावरची असल्याने ती थंड रात्रही सोसते. मग ती मागे का पडली?

पहिलं कारण तिचं आयुष्य. ती भराभर वाढते, तीन-चार महिन्यांत वयात येते, अंडी घालते आणि बहुधा दोन-तीन वर्षांत संपते. पँथर किंवा व्हेल्डचा नर पाच-सात वर्षं सोबत करतो. दुकानात मोठी झालेलीच मादी घेतली तर तिचं अर्धं आयुष्य आधीच सरलेलं असतं. घेणाऱ्याला ते माहीत नसतं आणि मादी गेली की तो स्वतःला किंवा जातीला दोष देतो. वर मादी शुक्राणू अंगात साठवून ठेवू शकते, त्यामुळे नर न दाखवताही ती अंडी घालते. पिंजऱ्यात उकरायला ओलसर माती ठेवलेली नसेल तर अंडी आतच अडकतात आणि ती मरते.

दुसरं कारण अंडी. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं. कार्पेटच्या अंड्याला अनेक महिने लागतात आणि त्यातही मध्ये थंडीचा काळ हवा असतो. पठारावर पावसाळ्यात घातलेली अंडी जमिनीत कोरडा हिवाळा काढतात. त्या थंडीत आतल्या जिवाची वाढ जवळपास थांबते, नंतर ऊब आणि ओल मिळाली की पुन्हा सुरू होते. सुरुवातीच्या पैदासकारांनी व्हेल्डच्या सवयीने ही अंडी एकाच उबदार तापमानात ठेवली. ती महिनोन्महिने तशीच राहिली किंवा सडली. हे वेळापत्रक उमगेपर्यंत बऱ्याच लोकांनी नाद सोडला होता. पिल्लंही इतकी बारीक निघतात, की त्यांना सुरुवातीला फळमाश्यांवर जगवावं लागतं आणि त्या माश्या घरीच वाढवाव्या लागतात.

तरी माझं मत असं, की अंड्यांचं गणित समजलेल्या माणसाच्या हाती कार्पेट ही घरात पिढ्यान्पिढ्या टिकवण्याजोगी जात आहे. पिढी लवकर बदलते, जागा थोडी लागते. इतकी वर्षं ती तशी टिकली नाही, कारण जंगलातून नवी कार्पेट आणणं सोपं होतं.

ज्यांना वेळ किंवा थंडी जास्त लागते

अंड्यांच्या बाबतीत दोन टोकं आहेत. एका टोकाला मादागास्करच्या नैऋत्य भागातला लाबोर्डचा शॅमेलिऑन. तो आठ-नऊ महिने अंड्यात असतो आणि बाहेर आल्यावर चार-पाच महिन्यांत वाढतो, जोडी जमवतो, अंडी घालतो आणि मरतो. जंगलात मोठ्यांची अख्खी पिढी एकदमच संपते. अशा प्राण्याला दुकानात जागा मिळणं शक्यच नाही.

दुसऱ्या टोकाला पार्सन्स. पूर्व मादागास्करच्या वर्षावनातला हा महाकाय शॅमेलिऑन दोन फुटांहून लांब वाढतो, संथ, शांत आणि दहा वर्षांहून अधिक जगू शकणारा. त्याची अंडी फुटायला दीड ते दोन वर्षं लागतात. पैदास करणाऱ्याने आज अंडी पेटीत ठेवली, तर पिल्लू विकण्याजोगं व्हायला आणखी काही महिने आणि त्या पिल्लाला स्वतःची पिल्लं व्हायला पुढची कित्येक वर्षं. या हिशोबावर धंदा उभा राहत नाही. १९९० च्या दशकात पार्सन्स मोठ्या संख्येने पकडून नेले गेले आणि त्यातले खूप मेले. आज घरात जन्मलेले जे थोडे दिसतात, ते चिकाटीने हे काम धरून ठेवलेल्या मोजक्या लोकांमुळे. किंमत अर्थातच हजारो डॉलरची.

आफ्रिकेच्या डोंगरातल्या जाती थंडीपायी मागे पडल्या: कॅमेरूनचा पाठीवर पडद्यासारखी उभी कड असलेला चार-शिंगी, केनियाच्या उंच गवताळ भागातला हेल्मेटेड, टांझानियाच्या पर्वतरांगांतले फिशर कुळातले. दिवसा उन्हात अंग तापवायचं आणि रात्री तापमान १०-१५ अंशांवर उतरलं की गप्प पडून राहायचं, हा त्यांचा दिनक्रम. रात्रीही खोली २४ अंशांवर राहिली तर शरीराला विश्रांती मिळत नाही आणि प्राणी हळूहळू खंगतो. अमेरिकेतली बरीच पैदास फ्लोरिडासारख्या उष्ण भागात चालते. तिथे या जातींना दर रात्री यंत्राने थंडावा द्यावा लागतो, उलट जर्मनीत खिडकी उघडली की बहुतेक महिने काम भागतं.

पिग्मी म्हणून विकले जाणारे छोटे शॅमेलिऑन वेगळ्या कारणाने दुर्लक्षित राहिले. रिपेलिऑन ब्रेव्हिकॉडाटस हा पूर्व आफ्रिकेचा बोटभर लांबीचा प्राणी हुबेहूब वाळक्या पानासारखा दिसतो, अगदी पानावरच्या शिरांसकट. तो पालापाचोळ्यात आणि बुटक्या फांद्यांवर राहतो, काचेच्या छोट्या पेटीत जगतो, कडक दिवा मागत नाही. पण मादी एका वेळी मोजकीच अंडी घालते आणि पाहुण्यांना पेटी दाखवली तर प्राणी कुठे आहे हे मालकालाही शोधावं लागतं. ज्याला निरीक्षणाची आवड आहे त्याला यासारखं सुख नाही. दुकानदाराला मात्र त्यात काही मिळत नाही. तो येतच राहिला, स्वस्तात येत राहिला, म्हणून पैदास फारशी कुणी केली नाही. मग २०१६ मध्ये टांझानियाने जंगली प्राण्यांची जिवंत निर्यात बंद केली. कालपर्यंत किरकोळ भावात मिळणारी जात बाजारातून दिसेनाशी होऊ लागली, तेव्हा अनेकांच्या लक्षात आलं की तिच्या घरच्या पिढ्या कुणीच राखलेल्या नाहीत. मेलर्स या मोठ्या जातीचंही जवळपास तेच झालं. पुढे २०१७ पासून आफ्रिकेतले पिग्मीही सायटीसच्या यादीत आले.

काही जातींकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही तेच बरं. मादागास्करच्या त्सिंगी दे बेमाराहा भागातला काटेरी पाठीचा ब्रुकेशिया पेरारमाटा व्यापारामुळे इतका धोक्यात आला, की तो सायटीसच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात गेला. २०२१ मध्ये नोंद झालेल्या ब्रुकेशिया नाना या जातीच्या नराचं शरीर शेपटी सोडून साडेतेरा मिलिमीटर भरतं. अशा प्राण्यांचा अधिवास तळहाताएवढा. तिथून एक टोपलीभर प्राणी उचलले तर मागे काय उरेल, कुणाला सांगता येणार नाही. त्यांना तिथेच राहू द्यावं.

आपल्याकडेही शॅमेलिऑन आहे. कॅमेलिओ झेलॅनिकस हा भारतीय शॅमेलिऑन महाराष्ट्राच्या कोरड्या, झुडपी भागात आढळतो. तो विषारी नाही. त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे पकडणं, पाळणं, विकणं हे तिन्ही गुन्हे आहेत. रस्ता ओलांडताना दिसला तर गाडी थांबवून त्याला जाऊ द्यावं, एवढंच आपलं काम. सायटीसच्या यादीतले परदेशी प्राणी भारतात बाळगायचे तर २०२४ च्या नियमांनुसार त्यांची सरकारी नोंदणी करावी लागते.

अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या, तिथल्या कायद्यात राहून शॅमेलिऑन पाळू इच्छिणाऱ्या मराठी माणसाने यातली एखादी मागे राहिलेली जात निवडली, तर मला आनंदच होईल. फक्त विकणाऱ्याला काही गोष्टी आधी विचाराव्यात: हा प्राणी घरी अंड्यातून निघालेला आहे का, त्याचे आई-बाप पाहायला मिळतील का, अंडी कोणत्या तापमानात आणि किती महिने ठेवली होती. घरी पैदास करणारा माणूस शेवटच्या प्रश्नावर सहसा भरभरून बोलतो, वहीसुद्धा काढून दाखवतो. उत्तर टाळलं गेलं, तर तो प्राणी बहुधा जंगलातून आलेला आहे. त्याच्यासाठी पैसे मोजले की त्याच्या जागी दुसरा पकडला जातो.